स्प्रिंग कुठे टेकते ते आधी बघा

गतिरोधकावरून जाताना पुढून 'टक' असा आवाज येतो, खड्ड्यात चाक गेले की स्टिअरिंगला हिसका बसतो, मागे तिघे बसले की गाडीचे बूड खाली जाते. बारामती-इंदापूर भागात चार-पाच वर्षे चाललेल्या गाडीचे हे रडगाणे इतके नेहमीचे आहे की बहुतेक मालकांच्या कानांना ते ऐकूच येईनासे होते. ज्याला ते खुपते, तो दोनपैकी एका टोकाला जातो. एक तर गॅरेजवर चावी देऊन 'काय असेल ते बघा' म्हणतो आणि संध्याकाळी लांबलचक बिल घेऊन येतो. नाहीतर मोबाइलवर दोन व्हिडिओ बघून रविवारी सकाळी अंगणात जॅक लावतो आणि दिसेल तो बोल्ट सोडवायला बसतो. सस्पेन्शनचे बरेचसे काम घरी होते आणि ते घरी करायला काहीच हरकत नाही. मात्र कोणते काम घरी करायचे आणि कोणते नाही, हे हाताच्या सफाईवर किंवा पेटीत किती पाने आहेत यावर ठरवू नये. ते एकाच प्रश्नावर ठरवावे: जो भाग सोडवायचा आहे, त्याने स्प्रिंग दाबून धरली आहे का? धरली नसेल तर पाना घ्या. धरली असेल तर तो भाग कितीही सोपा दिसला तरी घरच्या कामात धरू नका.

इथली गाडी इतक्या लवकर का खुळखुळते ते आधी पाहू, कारण निदान तिथूनच सुरू होते. नीरा डाव्या कालव्याखालचा मोठा पट्टा काळ्या मातीचा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावर पुरेसा मुरूम-खडीचा थर न देता केलेला डांबरी रस्ता तिच्याबरोबर वरखाली होतो. अशा रस्त्याला खड्डे पडायच्या आधीच लाटा येतात. गाळपाच्या हंगामात त्याच रस्त्यांवरून माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडे, तिकडे इंदापूरच्या बाजूला कर्मयोगी आणि नीरा-भीमाकडे उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस जातात. रस्त्याची कड खचते, आणि समोरून ट्रॉल्या आल्या की छोट्या गाडीचे डावे चाक साइडपट्टीवर उतरतेच. मग डावीकडचे बुश आधी गेले तर नवल नाही. गतिरोधकांची कथा निराळी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी-९९ या मार्गदर्शिकेतला ताशी २५ किलोमीटरसाठीचा गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद आहे, म्हणजे जवळजवळ एका छोट्या गाडीच्या लांबीइतका पसरट. वस्तीपुढे हौसेने घातलेला उंचवटा उंचीला तेवढाच आणि रुंदीला हातभर असतो. त्यावर चाक चढत नाही, आदळते. उलट पुणे-सोलापूर महामार्ग किंवा पाटस-बारामती-इंदापूर हा चौपदरी पालखी मार्ग गुळगुळीत आहे. त्यामुळे गाडीचा भाग झिजतो कालव्याच्या रस्त्यावर, ताशी २० च्या वेगाने, आणि तो झिजल्याचे कळते भिगवणपुढे, ताशी ९० ला.

सस्पेन्शन म्हणजे शॉकअप, हा समज अनेक वायफळ खर्चांच्या मुळाशी आहे. गाडीचे वजन शॉकअप पेलत नाही. ते काम स्प्रिंगचे, किंवा बोलेरोसारख्या गाडीला मागे असतात त्या पाट्यांचे. दाबलेली स्प्रिंग सुटली की पुन्हापुन्हा उसळत राहते. ती उसळी तेलातून पिस्टन ढकलून जिरवणे, एवढेच शॉकअपचे, म्हणजे ज्याला कोणी जंपर म्हणतात त्याचे, काम. तेव्हा 'गाडी एका बाजूला बसली, शॉकअप बदलून टाका' हा सल्ला पहिल्याच शब्दाला चुकतो. गाडी एका बाजूला बसली असेल तर स्प्रिंग थकली किंवा तुटली असेल, नाहीतर पाटा मोडला असेल. चाक आपल्या जागी राहावे म्हणून त्याला खालून धरणारा लोअर आर्म असतो. तो एका टोकाला रबरी बुशांमधून गाडीच्या सांगाड्याला आणि दुसऱ्या टोकाला बॉल जॉइंटमधून चाकाला जोडलेला. वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणारा एक वाकडा दांडा, स्टॅबिलायझर बार, आडवा जातो, आणि त्याची दोन्ही टोके वीतभर लांबीच्या लिंक रॉडने सस्पेन्शनला बांधलेली असतात. आवाज करण्यात हे लिंक रॉड सगळ्यात पुढे, आणि किमतीत सगळ्यात मागे. काही शे रुपयांच्या लिंक रॉडपायी हजारोंचे शॉकअप बदलले जातात. बदलल्यावर आवाज तसाच राहतो आणि दोष नव्या शॉकअपच्या कंपनीवर ढकलला जातो.

म्हणून घरी करण्याजोगे सर्वांत मोलाचे काम निदानाचे आहे, आणि त्याला पानाही लागत नाही. काच खाली करून गाडी एखाद्या लांब भिंतीच्या कडेने सावकाश चालवा. आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि कोणत्या बाजूचा ते कळते. गतिरोधकावर आधी दोन्ही चाके एकदम चढवा, मग वळून फक्त एक चाक चढवा. स्टॅबिलायझर बारला पीळ बसतो तो दोन चाके वेगवेगळी हलली तरच. त्यामुळे सरळ चढताना गप्प असलेली गाडी एका चाकावर 'टकटक' करत असेल तर संशय आधी लिंक रॉडवर घ्या. ब्रेक दाबताच एकदा 'ठक' आणि रिव्हर्समध्ये निघताना पुन्हा एकदा 'ठक' झाले तर लोअर आर्मचा बुश फाटलेला असू शकतो, कारण आर्म तेवढा पुढेमागे सरकतो. गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर स्प्रिंग पिळवटून 'टुंग' करत सुटते, तेव्हा शॉकअपच्या डोक्यावरचे माउंटिंग बघायचे. महामार्गावर लाटेवरून गेल्यावर गाडी होडीसारखी दोन-तीनदा डुलत राहिली तर मात्र शॉकअपच. आणि ठरावीक वेगालाच स्टिअरिंग थरथरत असेल तर काहीही न सोडवता आधी चाकांचे बॅलन्सिंग करून घ्या. मग गाडी उभी करून टायरवरून तळहात फिरवा. चढउतार लागले तर चाक रस्त्यावर उड्या मारत धावते आहे. फक्त आतली कड खाल्ली असेल तर कोन बिघडला आहे. चाक उचलून वर आणि खाली धरून हलवल्यास खेळ लागला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, डावी-उजवीकडे धरून हलवल्यास लागला तर टाय रॉड. बोनेटवर जोर देऊन गाडी दाबून सोडायची जुनी पद्धत वाईट नाही, पण अपुरी आहे. पुरता मेलेला शॉकअप तिच्यात सापडतो, अर्धा मेलेला निसटतो. शॉकअपवर तेलाची नुसती ओल आणि तिला चिकटलेली धूळ दिसली तर लगेच घाबरायचे कारण नाही. ओघळ दिसला, किंवा वाळलेल्या चिखलाचा थर एकाच जागी काळा-ओला राहिला, तर त्याचे आयुष्य संपले.

यावर ठरलेला आक्षेप असा, की एवढा खटाटोप कशाला. चांगला मिस्त्री नुसत्या आवाजावरून सांगतो. सांगतो, यात शंका नाही. पण तो आवाज त्याला ऐकू यावा लागतो. गॅरेजसमोरच्या बऱ्या रस्त्यावर पाच मिनिटे फिरवलेली गाडी बहुधा शहाण्यासारखी वागते आणि आवाज येतो तो सणसर-बेलवाडीकडच्या एखाद्या वळणावर, चार माणसे बसल्यावर. शिवाय गिऱ्हाईक आठ दिवसांत तीच तक्रार घेऊन परत येऊ नये, ही मिस्त्रीची रास्त चिंता असते. म्हणून तो एका बाजूचे सगळेच बदलून मोकळा होतो. यात लबाडी असतेच असे नाही; अपुऱ्या माहितीवर सुरक्षित निर्णय घ्यायची ती रीत आहे. 'आवाज येतो' एवढेच सांगणाऱ्याला सरसकट काम मिळते. 'डावीकडून, एक चाक चढले की, ब्रेकचा संबंध नाही' असे सांगणाऱ्याला नेमके काम मिळते, मग ते तो स्वतः करो वा गॅरेजमध्ये करून घेवो.

आता त्या सीमारेषेकडे. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. म्हणजे शॉकअपभोवतीच स्प्रिंग गुंडाळलेली आणि ती दबलेल्या स्थितीत वरच्या माउंटिंगखाली एका नटाने कोंडून ठेवलेली. ही कोंडलेली ताकद किती, याचा हिशेब पाटीवर मांडता येतो. स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला २ किलोचा जोर लागतो असे धरा. छोट्या गाडीला हा आकडा अवाजवी नाही. ती १० सेंटिमीटर दबलेली असेल तर शेवटी जोर झाला २०० किलो, सरासरी १०० किलो. १०० किलोचा जोर १० सेंटिमीटर अंतरावर, म्हणजे १० किलोचे वजन एक मीटर उंचीवरून सोडल्याइतकी ऊर्जा. ती सगळी किलोभर वजनाच्या माउंटिंगला मिळाली तर तो लोखंडाचा तुकडा ताशी ५० किलोमीटरच्या आसपास वेगाने निघेल, आणि नट सोडवणाऱ्याचे तोंड नेमके त्याच्या वाटेत असते. स्प्रिंग दाबून धरायचे शिकंजे बाजारात मिळतात, ते वापरून हे काम घरी करणारे लोक आहेत, ही गोष्ट खरी. पण दोन लांब स्क्रूंवर चालणाऱ्या त्या शिकंज्याचा एक आकडा वेटोळ्यावरून घसरला की काय करायचे, याला उत्तर नाही. गॅरेजमधला भिंतीला किंवा स्टँडला पक्का केलेला स्प्रिंग प्रेस आणि अंगणात स्प्रिंग मांडीवर धरून दोन बाजूंनी आवळायचे शिकंजे, ही एकाच कामाची दोन हत्यारे समजू नयेत.

'पूर्वी लोक सगळे घरीच करायचे' हा दुसरा आक्षेप, आणि तो इंदापूर तालुक्यात जरा जास्तच ऐकू येण्यासारखा. वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसले त्या वालचंद हिराचंदांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. साखर कारखान्यांची अवजड यंत्रे घडवणारे हात या तालुक्यात पिढ्यानपिढ्या आहेत. त्यांना गाडीच्या एका बोल्टाची भीती घालणे हास्यास्पद वाटेल. पण आठवणीतल्या त्या गाड्यांची रचना पाहा. प्रीमियर पद्मिनीला मागे पाटे होते. जीपला तर पुढे-मागे दोन्हीकडे. गाडी घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर, घेऊन चाके लोंबकळू दिली की पाटे बरेचसे सैल पडतात, यू बोल्ट उघड्यावर दिसतात आणि कशावर किती ताण आहे ते डोळ्यांनी कळते. पूर्वीच्या घरकामात ग्रीस गनने निपल भरण्याचा वाटा मोठा होता, हेही विसरून चालणार नाही. आजचे बॉल जॉइंट बंदिस्त आहेत. त्यांत ग्रीस भरायची सोय नाही आणि बदलण्यापलीकडे इलाज नाही. बोल्टाबोल्टाला हात जुनाच, पण ताकद लपवून ठेवणारी रचना नवी. कारागीर जितका जाणता, तितका तो हे चटकन मान्य करतो.

घरी कराल त्या कामाची पहिली अडचण गाडीतली नसतेच, ती जमिनीची असते. आपल्याकडे अंगण मुरमाचे, फार तर शहाबादी फरशीचे. मुरमात जॅकचा पाया रुततो, तिरका होतो आणि गाडी बाजूला सरकते. फरशी पोकळीवर असेल तर तडकते. जॅकखाली आणि घोडीखाली जाड लाकडी फळी किंवा लोखंडी प्लेट हवीच. पावसाळ्यात, जमीन ओली असताना, हे काम मुळीच काढू नका. गाडीबरोबर मिळणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता आहे, त्याच्या भरवशावर गाडीखाली डोके घालायचे नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा हायड्रॉलिक जॅक कितीही दणकट असला तरी त्याचे सील गळते आणि तो इंचाइंचाने खाली येतो. विटा चिरडतात, सिमेंटचा ब्लॉक काही न सांगता फुटतो. दोन चांगल्या घोड्या, न उचललेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, आणि काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवलेले, इतके झाल्यावर गाडीला बाजूने ढकलून पाहा. हलली तर मांडणी पुन्हा करा. मागची चाके उचलली असतील तर हँडब्रेक कामाचा नाही, तो बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांना धरतो. आणि घरात दुसरे माणूस हाकेच्या अंतरावर असू द्या. घोड्यांना पैसे घालवायचे नसतील तर उरलेला लेख फक्त निदानापुरता वाचावा.

लिंक रॉड हे पहिले काम म्हणून उत्तम. स्प्रिंगशी त्याचा संबंध नाही आणि चूक झाली तर पाना घसरण्यापलीकडे फारसे काही होत नाही. एकच चाक उचलले तर बारला पीळ राहतो आणि बोल्ट भोकात अडकून बसतो, म्हणून पुढची दोन्ही चाके सारखी उचलून गाडी दोन घोड्यांवर ठेवा. आदल्या दिवशी पाण्याच्या जोराने खालचा चिखल काढून टाका. काळी माती वाळली की नटाभोवती सिमेंटसारखी बसते आणि तिच्यावर मारलेला गंज सोडवायचा स्प्रे आत पोचत नाही. चिखल गेला की स्प्रे मारा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी नटाला पाना लावलात की नवशिक्याला कोड्यात टाकणारी गोष्ट घडते: नट फिरतो, त्याच्यासोबत आतला दांडाही फिरतो आणि काहीच सुटत नाही. दांड्याच्या टोकाकडे टॉर्च मारा. तिथे षटकोनी खाच असते किंवा मागे पाना लावायला सपाट जागा असते. खाचेतली माती खिळ्याने उकरून काढल्याशिवाय अ‍ॅलन की आत पूर्ण बसत नाही, आणि अर्धवट बसलेली की खाच गोल करून टाकते. मग ग्राइंडरशिवाय गत्यंतर नाही. की घट्ट बसवून दांडा स्थिर धरा, रिंग पान्याने नट फिरवा. दोन्ही बाजूंचे रॉड एकदमच बदला, नट नवेच लावा. आत नायलॉनचे कडे असलेला लॉक नट एकदा सोडला की त्याची पकड गेली.

लोअर आर्मच्या बाबतीत आपला नियम कसोटीला लागतो. मॅकफर्सन गाडीत स्प्रिंग स्ट्रटमध्येच कोंडलेली असते, आर्म तिला धरत नाही. म्हणून बॉल जॉइंट आणि दोन बोल्ट सोडले की आर्म हातात येतो, आणि बुश-जॉइंटसकट तयार आर्म अनेक गाड्यांना मिळतो. जुना आर्म ठेवून नुसता बुश ठोकून बसवायचा खटाटोप प्रेस नसेल तर करू नये. पण काही मोठ्या गाड्यांत, विशेषतः डबल विशबोनच्या रचनेत, स्प्रिंग खालच्या आर्मवरच टेकलेली असते, तर काहींत टॉर्शन बारचा पीळ आर्मने अडवलेला असतो. नाव तेच, बोल्ट तसेच, आणि सोडवला की आर्म वरच्या ताकदीसकट खाली येतो. म्हणून शेजाऱ्याने त्याच्या गाडीचा आर्म दोन तासांत बदलला, हा आपल्या गाडीसाठी पुरावा ठरत नाही. खाली वाकून स्प्रिंगचा खालचा शेवट कुठे आहे ते बघा. आर्म बदलताना एक चूक जवळजवळ हमखास होते. बुशातले रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते, ते फिरत नाही, फक्त पिळवटते. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर त्या खालच्या स्थितीत रबर ताणाविना बसते, आणि गाडी जमिनीवर आली की कायमचे पिळलेले राहते. असा नवाकोरा बुश काही महिन्यांत फाटतो आणि माल डुप्लिकेट निघाला म्हणून दुकानदाराच्या नावाने बोटे मोडली जातात. बोल्ट आधी हलकेच लावा, चाक बसवून गाडी चाकांवर आणा किंवा जॅकने चाकाची बाजू नेहमीच्या उंचीपर्यंत उचला, आणि मगच शेवटचे आवळणे करा.

मागच्या शॉकअपचे काम अनेक छोट्या गाड्यांत सोपे आहे, कारण तिथे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो. पण सोपे म्हणजे निर्धास्त नव्हे. चाके लोंबकळताना मागचा बीम आणखी खाली जाऊ नये म्हणून शॉकअपच त्याला अडवून धरतो. खालचा बोल्ट काढला की बीम खाली येतो, स्प्रिंग जागेवरून निसटू शकते आणि ब्रेकच्या रबरी नळीला ताण बसतो. बीमखाली दुसरा जॅक लावून त्याला किंचित वर उचलून धरा, मग बोल्ट काढा, आणि एका बाजूचे काम पुरे झाल्याशिवाय दुसऱ्या बाजूला हात लावू नका. शॉकअप मात्र दोन्ही बाजूंचे बदला. एक ताजा आणि एक थकलेला असेल तर ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताना गाडीच्या दोन बाजू दोन प्रकारे वागतात. मागेही स्प्रिंग शॉकअपलाच गुंडाळलेली दिसली तर ते काम पुढच्या स्ट्रटच्या जातीचे.

आणि पुढचा स्ट्रट? इथे मधली वाट आहे, ती फार लोक वापरत नाहीत. स्ट्रट स्प्रिंगसकट अख्खा गाडीतून काढायचा, दुचाकीवर मागे कुणाच्या तरी हातात देऊन गॅरेजला न्यायचा, तिथल्या प्रेसवर शॉकअप आणि माउंटिंग बदलून घ्यायचे आणि घरी आणून पुन्हा बसवायचा. मजुरीचा मोठा भाग वाचतो आणि कोंडलेली स्प्रिंग घरी कुणी उघडत नाही. बोनेट उघडल्यावर चाकावरच्या घुमटात बऱ्याच गाड्यांत मधल्या मोठ्या नटाभोवती दोन-तीन छोटे नट दिसतात. सुटायचे ते फक्त छोटे. मधला नट स्प्रिंगचा कारागृहरक्षक आहे, त्याला ढिलाही करायचे नाही. काही गाड्यांना वरून एकच नट दिसतो. तो माउंटिंग घुमटाला धरतो की स्प्रिंगला, हे त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत बघितल्याशिवाय त्याला पाना लावू नका, आणि पुस्तिका नसेल तर गाडीच गॅरेजला न्या. खालचे दोन बोल्ट सोडण्याआधी त्यांच्या डोक्याभोवती पांढऱ्या रंगाने खूण करा, म्हणजे चाकाचा कोन जवळपास पूर्वीचाच राहील. ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर क्लिपमधून मोकळी करा. वरचा आधार गेलेले चाकाचे हब तारेने बांधून ठेवा. ते बाहेर कलंडले तर एक्सलचा आतला सांधा निखळतो आणि आठशे रुपये वाचवायला निघालेला माणूस आठ हजारांत उतरतो.

'एवढे करून अलाइनमेंटला पैसे द्यायचेच, मग वाचले काय?' हा शेवटचा आक्षेप. अलाइनमेंट द्यायचीच, आर्म, टाय रॉड किंवा स्ट्रट काढला असेल तर न चुकता. दोरी ताणून चाके सरळ करायची युक्ती बारामती, भिगवण किंवा इंदापूरच्या अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी नेण्यापुरती ठीक. मात्र लिंक रॉड आणि मागचे शॉकअप बदलल्यावर सहसा तिची गरज पडत नाही, आणि या भागातल्या गाडीला आधी लागतात तेही बहुधा हेच. भागांवर पैसे वाचवू नका. चाकण परिसरात शॉकअप बनवणाऱ्या कंपन्या आहेत. पक्क्या बिलावर, गाडीच्या मॉडेल आणि वर्षाप्रमाणे मिळणारा नावाजलेला माल आणि खोके ओळखीचे असलेला नकली माल यांत फरक रबराच्या पहिल्या उन्हाळ्यातच दिसतो. स्प्रिंगच्या वेटोळ्यात कोंबायचे रबरी बफर मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. थकलेल्या स्प्रिंगचे दुखणे ते झाकतात आणि तिने सोसायचा धक्का माउंटिंगवर ढकलतात. टॉर्क रेंच उसनी मिळाली तरी चालेल, पण वापराच. चाकाचे नट छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या टप्प्यात लागतात, आणि नेमका आकडा पुस्तिकेत असतो. लांब पाइप लावून, पान्यावर उभे राहून आवळणे म्हणजे पुढच्या पंक्चरला रस्त्यात अडकायची तयारी. काम झाल्यावर शंभरेक किलोमीटर चालवून सगळे बोल्ट एकदा पुन्हा तपासा.

गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि त्याआधी दसऱ्याला प्रत्येक घरी गाडी धुतली जाते. यंदा हार घालण्याआधी पुढची चाके डावीकडे पूर्ण वळवा, चाकामागे टॉर्च मारा आणि चार गोष्टी बघा: लिंक रॉडचे रबरी बूट फाटले आहे का, आर्मच्या बुशाला तडा आहे का, शॉकअपवरून तेलाचा ओघळ आला आहे का, आणि स्प्रिंगचे खालचे वेटोळे कशावर टेकले आहे.